डाळीचं पाणी

पिकअप घ्यायचा की एसयूव्ही, यावरून प्रतिमाच्या घरात तीन महिने दोन पक्ष पडले होते. हौसेने कॅम्पिंगचा ट्रेलर घेऊन ठेवला होता, आत पलंग, शेगडी, न्हाणीघर, सगळा संसार; पण तो ओढणार कोण? तिच्या नवऱ्याचा, सत्यजितचा, जीव पिकअपवर. प्रतिमाचं म्हणणं, सोलापूरहून इकडे परदेशात कायमच्या राहायला आलेल्या सासूबाईंचे गुडघे त्या उंच गाडीत चढणार कसे? दर वेळी आईंना सामानासारखं उचलून ठेवायचं का? शेवटी त्यांच्या मित्राने, ऋषीने, आपली एसयूव्ही दोन दिवस दिली. ट्रेलर जोडून पेसनच्या डोंगरात जाऊन या, म्हणाला, आणि मग काय ते ठरवा.

घरून, चँडलरहून, जाताना गाडीने कुठे कुरकुर म्हणून केली नाही.

"उगाच पिकअपचं खूळ," प्रतिमा म्हणाली.

रविवारी दुपारी परत निघाले आणि घाटाचा उतार लागला. दुसऱ्याच वळणावर गाडीला मागून कोणीतरी धरून हलवावं तसं झालं. मग पुन्हा. प्रतिमाने आरशात पाहिलं. ट्रेलर डावीकडे जात होता, मग उजवीकडे, आणि दर झोक्याला जास्त. कठड्यापलीकडे नुसती दरी. तेवढ्यात शेजारून एक मोठा ट्रक गेला, आणि त्याच्या वाऱ्याने ट्रेलर असा फेकला गेला की गाडीचं तोंडच फिरलं.

सत्यजितचा पाय ब्रेककडे गेला.

"गाडीचा ब्रेक नको," ती ओरडली. "पाय काढ. ट्रेलरचा ब्रेक दाब, हाताने." भीतीपोटी महिनाभर पाहिलेले व्हिडिओ तिच्या तोंडून बोलत होते.

त्याने स्टिअरिंगखालची ट्रेलरच्या ब्रेकची छोटी कळ दाबून धरली. मागून आठ वर्षांच्या लेकीने, इलाने, विचारलं, "आजी, आर वी गोइंग टू क्रॅश?" आई देवाचं नावसुद्धा घेईनात. प्रतिमाला वाटलं, ही गाडी माझ्या हट्टाची. लेकीला आणि म्हातारीला मी माझ्या हाताने दरीत ढकलते आहे. तिला रडूही येईना, इतकी ती घाबरली होती.

झोके हळूहळू कमी झाले. पुढे रस्त्याकडेला रुंद जागा आली तिथे गाडी थांबली, तरी सत्यजितची बोटं स्टिअरिंगवरून सुटेनात.

मग त्याने उतरून ट्रेलर उघडला. अगदी मागच्या टोकाला, पलंगाखाली आणि न्हाणीघरात, आईंनी सहा महिने जमवलेले दुधाचे प्लॅस्टिकचे कॅन होते, साठ-सत्तर तरी असतील. येताना रिकामे आणलेले, आता सगळे गळ्यापर्यंत भरलेले.

"आई, हे काय?"

"पाणी," आई म्हणाल्या. "तुम्ही सकाळी तळ्यावर गेलात ना, तेव्हा तिथल्या नळावर भरलं. इलाने कॅनचा गाडा ओढला. इथलं पाणी गोड आहे रे. चँडलरच्या नळाला तूरडाळ शिजतच नाही. वाटेत नको म्हणून मागे ठेवलं."

"आई, सगळं वजन शेपटाला गेलं," सत्यजित हळू म्हणाला. "म्हणून ट्रेलर डोलत होता." त्याने कठड्यापलीकडे बोट दाखवलं. आईंनी दरीकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला.

त्यांनी कॅनना कोणाला हात लावू दिला नाही. सोलापुरात चार दिवसांआड येणारं पाणी तांब्या-तांब्याने राखलेली ती बाई, एकेक कॅन उघडून तापल्या मातीत ओतत राहिली. शेवटचा कॅन प्रतिमाने काढून घेतला.

"उद्याच्या डाळीला," ती म्हणाली.

"सत्या, तो पिकअपच घे," आई म्हणाल्या.

"आई, चूक गाडीची नव्हती."

"नसू दे. माझ्या हातून पुन्हा काही झालं तर गाडी तरी दणकट हवी. पाट ठेवा, मी चढेन."

पण त्यांना एसयूव्हीतही चढवेना. पाय उचलला की लटपटायचा. प्रतिमाने कॅन खाली ठेवला, दोन्ही हातांनी त्यांना उचललं आणि सीटवर ठेवलं. इतके महिने ती ज्या वजनाला भीत होती, ते जेमतेम इलाएवढं होतं.