कांड्यांच्या डब्यातली राणी

माझ्या झाकणाच्या मधोमध एक गोल भोक आहे. त्याचा व्यास पाऊण इंच आहे. भोकाची कड आतल्या बाजूला वळवून ठोकलेली आहे, कारण पहिल्या वर्षी ती धारदार राहिली होती आणि दोघींची बोटे कापली होती. एवढ्या भोकातून विणकराची एक कांडी आत जाते. बाहेर काढायची तर मात्र झाकणच उघडावे लागते.

मित्रांनो, मी एक जुना पत्र्याचा डबा आहे. आतले काही हलले की मी खुळखुळतो, आणि माझ्या आतले काही ना काही कायम हलतच आले आहे. स्वस्थ बसणे मला कधी जमले नाही.

माझा जन्म १९५८ सालचा. नागपूरच्या इतवारीत एका टिनवाल्याने घासलेटच्या रिकाम्या डब्याचा पत्रा कापून मला घडवले. ईश्वरदास नावाच्या विणकराने मला विकत घेतले आणि नव्या नवरीच्या हातात दिले. तिचे नाव भागीरथा. कांडी म्हणजे बोटाएवढी लाकडी नळी. तिच्यावर सूत गुंडाळायचे, ती धोट्यात बसवायची, मग धोटा मागाच्या या काठाकडून त्या काठाकडे धावतो. ईश्वरदास विणायचा, भागीरथा कांड्या भरायची. भरलेल्या कांड्या माझ्यात राहायच्या. माझी जागा मागाशेजारच्या कोनाड्यात होती. मागाचा प्रत्येक ठोका भिंतीतून माझ्या तळापर्यंत येई. ठोके मोजायची सवय मला तेव्हापासून लागली. ईश्वरदासचे मिनिटाला साठ पडत.

दुपारी शेजारच्या बायका सूत गुंडाळायचे आपापले रहाट घेऊन पुढच्या सपरीत, म्हणजे ओसरीत, जमत. कांड्या भरताना हात गुंतलेले असतात, कान मोकळे असतात. म्हणून प्राथमिक शाळेत शिकवणाऱ्या इंदुताई शाळा सुटल्यावर येत आणि एक साप्ताहिक मोठ्याने वाचून दाखवत. त्यात एक गोष्ट क्रमाने येई: मेघगडच्या राणी हेमावतीची. मेघगड नकाशात शोधू नका. तो त्या साप्ताहिकातच होता. राजा दक्षिणेच्या मोहिमेवर गेलेला, दीर राज्याची मोहोर सांभाळणारा, आणि राणी रोज बुरुजावरून रस्त्याकडे पाहणारी.

१९६५ च्या दिवाळीनंतर ईश्वरदास भिवंडीला गेला. तिकडे यंत्रमागावर काम मिळते असे त्याने ऐकले होते. वर्षभरात त्याची सात पोस्टकार्डे आली. शेवटच्या कार्डात लिहिले होते, 'दिवाळीले येतो.' ती दिवाळी आली आणि गेली, तो आला नाही.

"कोणत्या दिवाळीले ते नाही लिवलं वाटते," शेजारची अनुसया म्हणाली. अनुसयेची जीभ माझ्या भोकाच्या पहिल्या वर्षीच्या कडेइतकीच धारदार होती. पण त्या दिवशी बोलून झाल्यावर तिने भागीरथेच्या उरलेल्या कांड्या भरून दिल्या.

तो गेल्यापासून मागावर भागीरथा बसत होती. नवऱ्याला विणताना तिने सात वर्षे पाहिले होते. पहिल्या महिन्यात तिचे ठोके मिनिटाला वीस पडत आणि मध्येच धागा तुटे. दुसऱ्या वर्षी ते बावन्नवर स्थिरावले. विणकर संस्थेतून सूत मात्र ईश्वरदासच्याच नावाने येई. त्याच्या वतीने त्याचा भाऊ चंपतराव सही करी आणि तयार लुगडी नेऊन जमा करी. भागीरथा तिसरी शिकलेली होती, पण चंपतराव दर वेळी पावतीसाठी शाईची डबी पुढे करायचा आणि ती दर वेळी आंगठा द्यायची.

त्याच सुमारास ते साप्ताहिक बंद पडले. शेवटच्या अंकात राणी भर दरबारात उभी राहिली होती. शेवटचे वाक्य असे होते: 'राणीने दरबाराकडे पाहिले आणि ती म्हणाली –' त्याखाली 'क्रमशः'. पुढचा अंक आलाच नाही.

"हे काय वं!" अनुसया रहाट थांबवून ओरडली. "बाईनं तोंड उघडलं अन् छापखाना बंद!"

आठ दिवस सगळ्या चिडलेल्या होत्या. राणी काय म्हणाली असेल यावर रोज वाद व्हायचा. अखेर इंदुताईंनी सुचवले, "आपणच लिहू. या संक्रांतीला वाण म्हणून वाटी नको, करंडा नको. एकीने दुसरीला एक गोष्ट द्यायची."

मित्रांनो, माझे खरे आयुष्य तेव्हा सुरू झाले. मार्गशीर्षात चौदा बायका चौदा चिठ्ठ्या लिहीत. जिला लिहिता येत नसे, तिची इंदुताई लिहून देत. चिठ्ठीत दोनच गोष्टी असत: हवे आणि नको. चिठ्ठी रिकाम्या कांडीवर गुंडाळून धाग्याने बांधायची आणि माझ्या भोकातून आत सोडायची. मग झाकण उघडून प्रत्येकीने डोळे मिटून एक कांडी काढायची आणि जी निघेल तिच्या मर्जीची गोष्ट शाळेच्या वहीत लिहायची. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला चिठ्ठी आणि गोष्ट दोन्ही वाचून दाखवायच्या. जिची चिठ्ठी, तिने उठून वही घ्यायची. नियम तीन होते. हवे ते द्यायचे. नको ते घालायचे नाही. स्वतःचीच चिठ्ठी निघाली तर परत टाकायची.

त्या चिठ्ठ्या मी आतून पाहिल्या आहेत. 'हवे: राणी आणि हत्ती. नको: विष. मागच्या वर्षी तिघींनी विष घातले.' 'हवे: राणीचे सैपाकघर. ती खाते तरी काय? नको: सवत.' 'हवे: खऱ्या भोसल्यांच्या घराण्यातली कोणतीही राणी, सक्करदऱ्याच्या तलावावर फिरायला आलेली. नको: लढाई.' इंदुताईंची चिठ्ठी ओळखू येई. 'नको: त्या काळात नसलेल्या वस्तू.' एकदा एकीने राणीच्या ताटात टोमॅटोची चटणी वाढली, तेव्हा इंदुताईंनी ती वही घेतली खरी, पण टोमॅटोवर काट मारून.

एक चिठ्ठी दर वर्षी सारखीच असे. ती लुगड्याच्या काठातून उरलेल्या लाल रेशमाने बांधलेली असे. 'हवे: राजा परत यावा. नको:' आणि पुढे कोरे.

ती कोणाची हे चौदाही जणींना माहीत होते. कोणी तसे दाखवले नाही. जिच्या हाती ती लागे, ती जीव ओतून लिही. अकरा संक्रांतींत राजा अकरा वेळा परत आला. एकदा फकिराच्या वेषात आला, एकदा आंधळा होऊन, एकदा सक्करदऱ्याच्या तलावातून नावेत बसून. अनुसयेच्या गोष्टीत तो मध्यरात्री आला आणि पहिले वाक्य बोलला, "जेवायले काय हाय?" त्या वर्षी सगळ्यात जास्त भागीरथाच हसली. अकरा वह्या तिने माझ्याच शेजारी कोनाड्यात रचून ठेवल्या. कधी ती माग थांबवून त्यांच्याकडे पाहत बसे. थांबलेल्या मागाची शांतता मला सोसत नसे. पत्र्याला कंप हवा असतो.

मग १९७७ चा डिसेंबर आला. विणकर संस्थेने नोटीस लावली. रथसप्तमीपूर्वी सर्व सभासदांची नावे नव्याने नोंदवायची होती. जो स्वतः विणतो त्याच्याच नावाने सूत मिळणार होते. जो सभासद गावात नाही, त्याचे नाव घरच्या दुसऱ्या माणसाने कारण लिहून बदलून घ्यायचे होते.

चंपतराव कागद घेऊन आला. "वैनी, माझं नाव टाकून देतो. तुमी खाली आंगठा द्या."

"माग तर मी चालवून राहिली, भाऊजी."

"मंग तुमचं टाकू? कारणाच्या रकान्यात काय लिवू, नवरा बेपत्ता? लिवून द्यान, तर पुढच्या संक्रांतीले कोण बोलावन तुमाले कुंकवाले?" तो तसा वाईट माणूस नव्हता. त्याला खरेच तसे वाटत होते. "माझ्या नावावर झालं तर कारणाचं मी पाहून घेतो, तुमाले कोणाले काही सांगा लागत नाही. माग मी उमरेडले पोराकडे नेतो. तुमी बसा आरामात."

भागीरथेने हातातला धोटा उलटसुलट केला. "संक्रांत होऊ द्या," ती म्हणाली.

दोनच दिवसांनी सपरीत कांड्या काढायचा कार्यक्रम झाला. भागीरथेने डोळे मिटून हात आत घातला. तिच्या बोटांनी एकेक कांडी चाचपली. तेरा कांड्यांना सुती धागा होता. रेशीम लागले तिथे बोटे थांबली. नियमाप्रमाणे तिने ती सोडून दुसरी घ्यायला हवी होती. तिने ती वर काढली, मूठ न उघडता कमरेला खोचली आणि बाजूला जाऊन बसली. हे चुकून झाले की मुद्दाम, ते मला सांगता येणार नाही. बोटे किती वेळ थांबली तेवढे सांगतो: एक श्वास आत घेऊन सोडण्याइतका वेळ.

तो महिना मला फार जड गेला. तिचे ठोके बावन्नवरून चाळिसावर आले, मग तीस. तीन ठोके पडायचे आणि खंड. ती मागावरून उठे, वही उघडे, दोन ओळी लिही आणि पान फाडून चुलीत घाली. राजा घोड्यावरून येई, पान फाटे. राजा पायी येई, पान फाटे. पुन्हा मागावर बसे, पुन्हा उठे. एकदा तिने मला कोनाड्यातून काढून खाटेखाली ठेवले, तासाभराने परत जागेवर ठेवले. माझ्यात काहीच नव्हते, तरी मी खुळखुळत होतो. झाकणाची कडी सैल झाली असावी.

दर दोन दिवसांनी चंपतराव डोकावे. "झालं काय वैनी?" आणि दर वेळी तेच उत्तर मिळे: "संक्रांत होऊ द्या."

ती संक्रांत सांगण्यापूर्वी तुमच्याकडे एक मागणे मागतो, कारण नंतर बोलायला जागा उरणार नाही. मित्रांनो, आता मी इंदुताईंच्या कपाटावर आहे. बूड गंजले आहे, झाकण नीट बसत नाही. घरात जुना डबा दिसला तर रिकामा समजून तो भंगारवाल्याच्या पोत्यात टाकू नका. आधी कानाशी धरून हलवून पाहा. कोणीतरी त्यात 'हवे' लिहून ठेवलेले असेल आणि 'नको' लिहायचे राहून गेले असेल.

तर संक्रांत. दुपार होती, सपरीत ऊन आले होते. कुंकू लावून झाले, तिळगूळ वाटून झाला. मी मधोमध चौरंगावर होतो. तेरा वह्या वाचल्या गेल्या, तेरा जणींनी उठून आपापल्या घेतल्या. भागीरथेची पाळी शेवटची होती. तिने कमरेची कांडी काढली, लाल रेशीम सोडले आणि चिठ्ठी वाचली.

"हवे: राजा परत यावा."

अनुसयेच्या हातातला तिळगूळ तोंडापर्यंत जाऊन थांबला.

"भागीरथा," इंदुताई हळूच म्हणाल्या, "ही तर तुझीच आहे."

"हो बाई. मलेच निघाली."

"मग परत टाकायची होती."

"बारा वर्षं परतच टाकून राहिली, बाई."

इंदुताईंनी चष्मा काढून पदराने पुसला. "वाच," त्या म्हणाल्या.

भागीरथेने वही उघडली. ती एकेका अक्षरावर बोट ठेवून वाचत होती. पहारेकऱ्याने वर्दी दिली की रस्त्यावर धूळ उडते आहे. सगळा मेघगड बुरुजाकडे पळाला. राणी मात्र जागेवरून उठली नाही. धूळ गुरांच्या कळपाची निघाली. आदल्या दिवशीही गुरांचीच होती. त्या दिवशी कोठाराचे धान्य वाटायचे होते, तलावाचा फुटलेला बांध घालायचा होता, आणि प्रत्येक हुकमावर मोहोर हवी होती. धान्य राणी मोजत होती, बांध राणी बांधून घेत होती. मोहोर मात्र दिराच्या हातात होती. दीर म्हणाला, दादा येईपर्यंत असेच चालू द्या. राणीने दरबाराकडे पाहिले आणि ती म्हणाली –

भागीरथेने पान उलटले. पुढचे पान कोरे होते. ते मला चौरंगावरून दिसत होते.

"मंग?" अनुसया पुढे सरकली. "काय म्हणाली वं? सांग ना! आता तूबी छापखाना बंद करतं काय?"

एकदोघी हसल्या. तेवढ्यात दारात चपला वाजल्या. चंपतराव बायकांत यायला बिचकत उंबऱ्याबाहेरच थांबला. त्याच्या एका हातात संस्थेचा कागद होता, दुसऱ्यात शाईची डबी.

"वैनी, झाली ना आता संक्रांत? आफिस पाच वाजता बंद होते. आंगठा द्या, मी निघतो."

भागीरथा उठली. तिचा पाय चौरंगाला लागला आणि मी जोरात खुळखुळलो. तिने वाकून माझ्यावर हात ठेवला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्या आतले सगळे एकदम थांबले. मग तिने अनुसयेकडे पाहिले, इंदुताईंकडे पाहिले, तेरा कपाळांवरच्या कुंकवाकडे पाहिले, आणि दाराकडे तोंड करून मोठ्याने म्हणाली,

"भाऊजी, डबी बंद करा अन् सहीले पेन द्या. माग कुठीच जाणार नाही. कागदावर माझं नाव लिवा, भागीरथा, अन् कारणाच्या रकान्यात जे हाय तेच लिवा. आजपासून मी त्यायची वाट पाहत नाही."