पिन बरोबर होता

मी डेबिट कार्ड. जुन्या पद्धतीचं. माझ्या पाठीवर काळी पट्टी आहे, पण अंगावर ती सोनेरी चिप नाही. असली कार्डं आता बँका देत नाहीत, त्यामुळे माझी हकीकत सांगायला मागे फारसं कोणी उरलेलं नाही. ती मीच सांगतो.

जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते नीट आठवत नाही. प्लास्टिकच्या मोठ्या तावातून आम्हा सगळ्यांना एकसारखं कापलं आणि मग एका यंत्रानं माझ्या छातीवर नाव उमटवलं, कामिनी मधुकर गावंडे. पाकिटात बसून मी नागपूरला आलो, नंदनवन नावाच्या वस्तीत. माझा पिन मागाहून, वेगळ्या पाकिटातून आला. आम्हाला एकत्र पाठवत नाहीत, ही बँकेची सावधगिरी. पिन माझ्या अंगावर कुठेच लिहिलेला नसतो. तो मलासुद्धा माहीत नसतो. तो माणसाच्या डोक्यात असतो आणि यंत्रापुढे बोटांवर येतो.

कामिनीबाई एका कॉलेजच्या ऑफिसात नोकरीला होत्या, अजूनही आहेत. पगार माझ्याच खात्यात यायचा. त्यांचे यजमान मधुकरराव सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून रिटायर झालेले. आयुष्य फायलींत गेल्यामुळे, जे कागदावर आलं ते खरं, अशी त्यांची साधी समजूत. घरात मधुकररावांच्या आई रुखमाबाई, गुडघ्यांनी बेजार. काटोलजवळच्या गावाला या लोकांची संत्र्याची बाग आहे. ती मधुकररावांचा धाकटा भाऊ अमोल पाहतो. दोघा भावांत बरंच अंतर. अमोलला शाळेत घातलं ते मधुकररावांनीच.

पर्समध्ये माझी जागा आतल्या कप्प्यात, चष्मा पुसायच्या कापडाशेजारी होती. एटीएमसमोर माणसं कशी वागतात ते मी पुष्कळ पाहिलं. काहीजण पिन दाबताना तोंडानं पुटपुटतात. नोटा हातात आल्या की मोजतात, आणि शिल्लक पाहताना एखादा नातेवाईक भेटायला आल्यासारखा चेहरा करतात. कामिनीबाई मात्र सरळ उभ्या राहायच्या, काम आटोपून निघायच्या. डाव्या हातानं कळा झाकायची सवय त्यांना नव्हती. तेव्हा फार थोड्यांना होती.

एकदा त्यांना डेंग्यू झाला. मधुकरराव दवाखान्यात बसलेले, खाली पैसे भरायचे होते. अमोल गावाहून आला होता. बाईंनी मला त्याच्या हातात दिलं आणि पिन सांगितला. तो पैसे काढून परत आला, पावतीसकट मला त्यांच्या उशाशी ठेवून दिलं. एवढंच. त्या घरात ही काही विशेष गोष्ट नव्हती.

त्यानंतरच्या संत्र्याच्या तोडणीला कामिनीबाई काटोलला गेल्या. फळबाजाराजवळच्या एटीएममध्ये त्यांनी मला सरकवलं, आणि मला काहीतरी खटकलं. यंत्राच्या तोंडावर आणखी एक तोंड बसवलेलं होतं, वरून हुबेहूब तसंच. आत जाताना माझी पट्टी दोनदा वाचली गेली. एकदा त्या उपऱ्या तोंडानं, मग खऱ्या यंत्रानं. कळांच्या वर, दिव्याच्या खोबणीत चोरट्या कॅमेऱ्याचं एक बारीक भिंगही होतं, बोटांकडे रोखलेलं. मला दिसलं, पण सांगणार कसा? बाईंनी पैसे घेतले, मला कप्प्यात ठेवलं आणि बसस्टँडकडे निघाल्या. त्या दिवसापासून माझ्यासारखाच दुसरा एक कुठेतरी तयार झाला होता. कोरं प्लास्टिक, त्यावर नाव नाही, पण पट्टीवर माझंच सगळं.

त्याच हंगामात अमोलनं संत्र्याच्या पैशातून मोठी रक्कम वहिनीच्या खात्यात टाकली. रुखमाबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं होतं. तो फोनवर म्हणाला, "वहिनी, हे मायचे पैसे आहेत. माझ्याजवळ राहिले तर खताले जातील."

मग तो रविवार आला. दुपारी कामिनीबाई सासूसाठी गुडघ्याचा पट्टा घ्यायला गेल्या. फोन घरी चार्जिंगला. दुकानदारानं मला त्याच्या मशीनमध्ये घासलं, बिल झालं, त्या घरी आल्या. फोनवर तीन मेसेज. दिल्लीकडच्या कुठल्याशा एटीएममधून तीनदा पैसे काढलेले. पहिली वेळ अशी, की तेव्हा मी नंदनवनातल्या त्या दुकानदाराच्या हातात होतो.

बाईंनी लगेच बँकेच्या मदत क्रमांकाला फोन लावला. भाषेसाठी हा आकडा दाबा, कार्डासाठी तो दाबा, असं होत होत शेवटी एक बासरीची धून लागली. ती धून चालू असतानाच चौथा मेसेज आला. खात्यात नावापुरते पैसे राहिले. मग कोणीतरी फोन उचलला आणि मला बंद केलं. माझं यंत्रापुढचं आयुष्य तिथं संपलं.

दुसऱ्या दिवशी कामिनीबाई बँकेत गेल्या. एका खिडकीनं दुसरीकडे पाठवलं, दुसरीनं पोलिसांत तक्रार करून या म्हणून सांगितलं. तक्रार करून आल्या तेव्हा मॅनेजर सुमंत साहेबांनी केबिनमध्ये बसवलं, पाणी दिलं. माणूस वाईट नव्हता. त्यांनी स्क्रीनकडे पाहत सांगितलं, की आतापर्यंत आमच्याकडे अशी एकही तक्रार नाही, तुमचीच पहिली. मग विचारलं, "पिन कधी कोणाला सांगितला होता का?"

कामिनीबाईंना खोटं सुचलं नाही. "एकदा. दिराला. मला डेंग्यू झाला होता तेव्हा."

साहेबांनी ते टाइप केलं.

बाईंनी पर्समधून मला काढून टेबलावर ठेवलं. हे कार्ड माझ्याजवळ आहे, त्या वेळी ते नागपुरातल्या दुकानात होतं, तुमच्याच कॉम्प्युटरवर दिसत असेल, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. साहेबांनी मला उलटून पाहिलं आणि परत दिलं. म्हणाले, सगळं वर पाठवतो.

वरून पत्र यायला महिन्याहून जास्त काळ लागला. दरम्यान ऑपरेशन पुढे ढकललं. पत्रात लिहिलं होतं, की सदर व्यवहार योग्य पिन वापरून यशस्वी झाले आहेत, खातेदाराने पिन कुटुंबातील व्यक्तीस सांगितल्याचे मान्य केले आहे, सबब बँक जबाबदार नाही.

मधुकररावांनी ते पत्र चष्मा लावून वाचलं. पुन्हा वाचलं. ते फायलीत लावलं. पण पुढच्या रविवारी अमोल ऑपरेशनचं विचारायला आला, जेवायला बसला, आणि मधुकररावांनी त्याला अगदी हळू आवाजात विचारलं, "अमोल, कार्ड तुझ्याजवळ होतं तेव्हा कोणाले दाखवलं होतं का गा? पिन कोणाले बोलला होता का?"

मी भिंतीला टांगलेल्या पर्समध्ये होतो. ताटातला आवाज थांबला तो मला ऐकू आला.

"बँकेनं विचारलं असतं तर मी चार शिव्या देऊन मोकळा झालो असतो दादा," अमोल म्हणाला. "तू विचारून राहिला."

तो उठला, हात धुतले, आईच्या पाया पडला आणि गेला. आतल्या खोलीतून रुखमाबाई विचारत होत्या, "काहून गेला वं तो? भात नाई घेतला त्यानं." कामिनीबाईंनी त्यांना काही सांगितलं नाही. नवऱ्याला मात्र म्हणाल्या, "ज्यानं आणून दिले, तो चोरेल काहून?"

"मी चोर म्हणालो का त्याले?" मधुकरराव म्हणाले. "मी विचारलं फक्त."

त्यानंतर अमोल नागपूरला आला तरी घरी यायचा नाही. आईला फोन करायचा, भावाचा फोन उचलायचा नाही. रुखमाबाई सारख्या दाराकडे कान देऊन असायच्या.

कामिनीबाई पुन्हा पुन्हा बँकेत जात राहिल्या. मला त्यांनी टाकलं नाही. कार्ड माझ्याजवळच होतं, हे दाखवायला मी लागत होतो. बाकावर बसून राहणं हेच आमचं काम झालं. अशाच एका दुपारी शेजारी श्वेता नावाची तरुण मुलगी येऊन बसली. नागपूरजवळच्या बेस्याला राहणारी, माहेर काटोलचं. तिच्या हातात आमच्यासारखंच पत्र होतं. तिलाही सांगितलं होतं, की अशी तक्रार फक्त तुमची. तिच्या पत्रात दीर नव्हता, नवरा होता. नवऱ्यानं तिच्याशी चार दिवस अबोला धरला होता, असं ती हसत सांगायला लागली आणि मधेच पत्राची घडी घालू लागली.

दोघींनी कुठे कुठे पैसे काढले ते आठवून पाहिलं. एकच जागा जुळली. फळबाजाराजवळचं ते एटीएम.

त्या दोघी न विचारता केबिनमध्ये गेल्या, आणि कामिनीबाईंनी मला टेबलावर ठेवलं. सुमंत साहेबांनी दोघींना एकत्र पाहिलं आणि खुर्चीत मागे टेकले. मग त्यांनी सांगितलं, की त्या मशीनच्या बऱ्याच तक्रारी आल्या आहेत, आणि ते मशीन बँकेनं केव्हाच बंद केलं आहे.

"मग मला पत्र पाठवलं तेव्हा तुम्हाला हे माहीत होतं," कामिनीबाई म्हणाल्या.

"पत्र वरून येतं मॅडम. मजकूर ठरलेला असतो."

श्वेता रडायला लागली. कामिनीबाई रडल्या नाहीत. त्यांनी मला टेबलावरून उचललं, कप्प्यात ठेवलं आणि बाहेर येऊन श्वेताला उसाचा रस पाजला. दोघींनी मिळून बँकिंग लोकपालाकडे तक्रार केली. दोष कोणाचा हे सिद्ध करायची जबाबदारी बँकेवर असते, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, हे त्यांना तेव्हा कळलं. इतके दिवस बँकेतल्या कोणीही ते सांगितलं नव्हतं. दिल्लीकडच्या त्या एटीएमच्या कॅमेऱ्यात कोण दिसतं, हे दाखवा, एवढंच त्यांनी मागितलं. बँकेला ते दाखवता आलं नाही, की दाखवायचं नव्हतं, मला माहीत नाही. निकाल लागायच्या आधीच एका सकाळी सगळे पैसे खात्यात परत आले. सोबत एका ओळीचा मेसेज. दिलगिरी वगैरे काही नाही.

मधुकररावांनी देवापुढे साखर ठेवली. कामिनीबाई मात्र पर्स उचलून बँकेत गेल्या. सुमंत साहेब उठून उभे राहिले, अभिनंदन केलं, नवीन चिपवालं कार्ड हातात दिलं.

"त्या पत्रातलं एक वाक्य परत घ्या," बाई म्हणाल्या. "कुटुंबातील व्यक्ती, असं लिहिलंय ते."

तशी काही पद्धत नाही, असं साहेब म्हणाले. तक्रार बंद झाली, की पत्र निघत नाही. मग पेन फिरवत म्हणाले, "मी स्वतः फोन करू का तुमच्या दिरांना? बँकेतर्फे नाही, माझ्यातर्फे."

कामिनीबाई म्हणाल्या, "नको. तुमच्यावर तो रुसलेला नाही."

घरी येऊन त्यांनी मधुकररावांना शर्ट बदलायला सांगितला. ते म्हणाले, पैसे आले ना, आता झालं. बाई म्हणाल्या, "पैसे बँकेनं दिले. पण अमोलले विचारलं होतं तुम्ही. ते बँकेच्या हाती नाही."

दोघं काटोलच्या बसमध्ये बसले. बागेत अमोल क्रेट भरत होता. त्यानं वहिनीला खाट टाकून दिली, पाणी दिलं, भावाकडे पाहिलं नाही. मधुकरराव उभेच राहिले. आधी भाव विचारला, मग पाण्याचं विचारलं, मग अमुक झाडाचं पान पिवळं काहून पडलं ते विचारलं. अमोल एकेका शब्दात उत्तर देत होता. शेवटी विचारण्यासारखं काही उरलं नाही.

"मी तुले विचाराले नव्हतं पाहिजे," मधुकरराव म्हणाले. हेडक्लार्कचा आवाज नव्हता तो.

अमोलचे हात चालूच होते. मोठी फळं एकीकडे, लहान एकीकडे. क्रेट भरल्यावर त्यानं विचारलं, "मायचं ऑपरेशन कधी करता?"

"तू म्हणशील तेव्हा."

"तोडा आटोपला की येतो. दवाखान्यात मीच राहीन. घरी नाई येनार सध्या."

मधुकररावांनी मान हलवली. येताना अमोलनं संत्र्यांची थैली वहिनीच्या हातात दिली, भावाच्या नाही.

ऑपरेशन चांगलं झालं. दवाखान्यात अमोल राहिला, म्हटल्याप्रमाणे. रुखमाबाईंना घरी आणलं तेव्हा जिना चढवायला दोन माणसं लागली, आणि दुसरं माणूस कुठून आणणार? एका बाजूनं मधुकरराव, एका बाजूनं अमोल. दारापर्यंत आल्यावर अमोल थांबला. म्हातारीनं त्याचा हात सोडला नाही. मग तो आत आला आणि दाराजवळच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसला, परक्या घरी बसावं तसा. चहा मात्र त्यानं घेतला.

ही झाली माझी हकीकत. आता माझं काम उरलेलं नाही. नवीन कार्ड कप्प्यात बसलं आहे, आणि कामिनीबाई कात्री घेऊन खिडकीशी बसल्या आहेत. जुनं कार्ड पट्टीवरून कापून टाकावं, अशी बँकेची सूचना आहे. ती बरोबर आहे, माझी तक्रार नाही. मला दुखत नाही.

जाता जाता एक मागणं आहे. तुमच्या खात्यातून पैसे गेले तर लगेच फोन करा, कार्ड बंद करा आणि बँकेला सगळे प्रश्न विचारा, पुन्हा पुन्हा विचारा. उत्तर द्यायला ती बांधलेली आहे. घरच्या माणसाला विचारायचा जो प्रश्न मनात येईल, तो मात्र तेवढे दिवस मनातच राहू द्या.

अमोल परवा पुन्हा येऊन गेला. अजून त्याच दाराजवळच्या खुर्चीवर बसतो. एखाद दिवशी तो आतल्या खोलीत येऊन पूर्वीसारखा जेवायला बसेल, भातही घेईल, असं कामिनीबाई म्हणतात. तेव्हा मी नसेन.