विभाग सत्तेचाळीस

मी एका रुग्णालयाची वेबसाइट सांभाळते. म्हणजे डॉक्टर मंडळी ज्या जाडजूड पीडीएफ पाठवतात, त्या फोडून साधी, फोनवर वाचता येतील अशी पानं करते. ज्याच्या घरी अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे, त्याला दोनशे पानांच्या पुस्तिकेत शोधाशोध करायला सवड नसते. ‘ताप आला तर’ हे बटण दाबलं की नेमका तोच विभाग उघडला पाहिजे. हे काम मी भांडून मंजूर करून घेतलं होतं आणि त्याचा मला चांगलाच तोरा होता.

भांडण्यामागचं कारण घरातच होतं. पक्षाघातानंतर आईला गिळता येत नाही. पोटाला नळी आहे, तिच्यातून पातळ अन्न द्यावं लागतं. तिचं सगळं माझा धाकटा भाऊ करतो, मी केलेली ती पानं फोनवर बघून. आम्ही त्याला मौनी म्हणतो. परगावची नोकरी सोडून तो आला त्याला दोन वर्षं झाली, आणि या दोन वर्षांत तो आईशी जेवढं बोलला, तेवढं मी सकाळी दात घासून होईपर्यंत बोलते. नळी धुणं, कूस बदलणं, चादरी, औषधं, सगळं घड्याळ लावल्यासारखं. तोंडातून मात्र ब्र नाही. आईने त्याचा सरळ अर्थ लावला, की पोरगा माझ्यापायी अडकला आणि वैतागला. मग तिने घोशा लावला, "मला शुश्रूषागृहात ठेवा." शेवटी एका ठिकाणी खाट रिकामी झाली. हो की नाही, ते त्यांना दुसऱ्या दिवशी कळवायचं होतं. मी कामावरून फोन करून मौनीला विचारलं तर म्हणाला, "तिला हवं असेल तर." असा राग आला मला, की मी फोनच ठेवून दिला.

त्याच सकाळी आहारतज्ज्ञ बाईंनी पुस्तिकेच्या सुरुवातीला एक नवा विभाग घातला. मी नवी पीडीएफ पानं पाडणाऱ्या प्रोग्राममध्ये टाकली, पानं तयार झाली, चढवली आणि डबा खायला गेले. तिथेच माती खाल्ली. प्रोग्राम प्रत्येक शीर्षकाला आपल्या मनाने क्रमांक देतो आणि माझी बटणं त्या क्रमांकांना बांधलेली होती. सुरुवातीला एक विभाग घुसल्यावर मागचे सगळे एकेक घर पुढे सरकले. बटणं होती तिथेच राहिली. आता प्रत्येक बटण त्याच्या आधीचा विभाग उघडत होतं. क्रमांकावर विसंबू नका, प्रत्येक शीर्षकाला त्याचं स्वतःचं नाव द्या, असं मीच नवीन लोकांना शिकवते.

डबा अर्धा झाला असेल, तोच मौनीचा मेसेज आला. "कळलं ताई. तू असं सांगितलंस तेच बरं."

काय सांगितलं मी? फोन लावला, तो उचलेना. माझ्या आईची नळी औषधाच्या चुऱ्याने हटकून तुंबते, त्यामुळे तो कोणतं बटण दाबणार हे मला पाठ होतं. मी ‘नळी तुंबली तर’ दाबलं. ते सत्तेचाळीस नंबरला बांधलेलं होतं. उघडलं ते ‘शेवटचे दिवस’. मूळ पुस्तिका तिथेच संपते आणि अडचणींचं परिशिष्ट त्याच्यापुढे सुरू होतं.

खाली लिहिलं होतं: पेशंट जास्त वेळ झोपून राहतो. हात गार पडतात. अन्न आत जात नाही. आता नळीशी झटापट करू नका. फोन बाजूला ठेवा. जवळ बसा. त्यांना सगळं ऐकू येतंय असं समजून बोला.

आई नव्या गोळीमुळे सकाळपासून झोपून होती. मौनीला वाटलं, रुग्णालयात मला काहीतरी कळलंय आणि तोंडाने सांगवत नाही, म्हणून मी हे असं कळवलं. आमच्या घरात हे सहज पटण्यासारखं होतं.

इतर घरांतही लोक ती बटणं दाबत असणार. मी आधी जुनी पानं परत चढवली, दोन-तीन बटणं दाबून पाहिली आणि मग मिळेल त्या गाडीने घरी धावले.

किल्लीने दार उघडलं तर आतून आवाज येत होता. मला वाटलं रेडिओ लागलाय.

"...तुला वाटतं मी तुझ्यासाठी नोकरी सोडली," मौनी सांगत होता. "मी सोडली नव्हती आई. त्यांनीच काढलं होतं. चार महिने खोलीत नुसता पडून होतो. लाज वाटायची, म्हणून कोणाला बोललो नाही. मग तुला असं झालं म्हणून ताईचा फोन आला. वाईट वाटलंच. पण सकाळी उठायला मला काहीतरी कारण मिळालं. तू माझ्यावर ओझं नाहीस गं. तू नसतीस तर माझं काय झालं असतं, मलाच माहीत नाही. तू तिकडे जाते म्हणालीस तेव्हा ‘नको’ म्हणणार होतो. म्हणताच आलं नाही."

मी चपला हातात घेऊन तशीच उभी राहिले आणि भरपूर रडले. त्याला थांबवायला हवं होतं, नळी तुंबलेली होती. पण तो बोलत होता, मला ते तोडवेना. तो बोलायचा थांबल्यावर आत गेले आणि एका दमात सगळं सांगून टाकलं, की आईला काही झालेलं नाही, चूक माझी आहे, क्रमांक सरकले.

मौनीने आईचा हात धरला आणि त्यावर डोकं टेकवलं. पिचकारीत कोमट पाणी भरून मीच हळूहळू आत-बाहेर केलं. दहा मिनिटांत नळी मोकळी झाली.

वर पाहिलं तर आईचे डोळे उघडे.

"तू झोपली नव्हतीस?" मौनी कानापर्यंत लाल झाला.

आईला एकेक शब्द जुळवायला वेळ लागतो. "तू बोलत होतास," ती म्हणाली. "झोपेन कशी?"

"ते सगळं विसर. मला वाटलं होतं की..."

तिने ‘नाही’ अशी मान हलवली. मग माझ्याकडे पाहिलं. "त्यांना... नाही म्हणून कळव."

मी शुश्रूषागृहाला कळवायला फोन काढला. तेवढ्यात तिने मौनीच्या केसांवर आपला चालता हात ठेवला.

"आणि तू बोलत जा," ती म्हणाली. "कोणी मरत नसलं तरी."