तळघरातली हिमनदी

आमच्या अल्माटीच्या विद्यापीठाची ओळख करून द्यायची म्हणजे जेवू घालायचं. पाहुण्यांची समिती आली की दिवसभर इमारती दाखवायच्या आणि संध्याकाळी घोड्याच्या मटणाभोवती बसून एकेका विभागप्रमुखाने उठून आपल्या विभागाचे गोडवे गायचे. मी इथे हिमनद्या शिकवते, वर्षानुवर्षं हेच ऐकतेय. कंटाळा आलाय, खरं सांगते.

यंदा भौतिकशास्त्रवाले बोलत असताना शेजारचे उपकुलगुरू येरकेबुलान साहेब सहज म्हणाले, दारातला नवा मोठा डिजिटल पडदा काय झकास चालला! त्याला जुन्या इमारतीची वीज पुरेना, म्हणून परवाच तळघरातला एक फ्रीजर बंद करून टाकला.

मी हातातला घास खाली ठेवला. त्या फ्रीजरमध्ये तासबोलात अतांचा बर्फ होता. माझे गुरू ते; अता म्हणजे आजोबा, सगळे त्यांना तसंच म्हणतात. तरुणपणी डोंगरावर राहून त्यांनी हिमनदीतून तो कापून आणला होता, शेकडो हिवाळ्यांचे थर एकावर एक. ती हिमनदी आता संपली, वर नुसते धोंडे उरलेत. तिचं म्हणून जे काही होतं, ते त्या फ्रीजरात.

धावत जावं, तर वडीलधाऱ्याने ओंजळ उघडून आशीर्वाद दिल्याशिवाय आमच्यात कुणी पंगत सोडत नाही. आणि वडीलधारे म्हणजे खुद्द अताच, पार त्या टोकाला बसलेले. रसायनवाले उठले, कायदेवाले उठले, शेतीवाल्यांचं तर संपता संपेना. बाहेर जुलैचं मेलं ऊन. मी मनातल्या मनात सगळ्यांना शिव्या घालत बसले.

शेवटी अता उठले. म्हणाले, बोलण्यात काय आहे, चला, बर्फच दाखवतो.

मी सगळ्यांच्या आधी जिना उतरले आणि झाकण उघडलं. पिशव्यांत पाणी होतं, तळाशी जराशी माती.

अतांनी वाकून पाहिलं.

"वरचा पण असाच गेला, पोरी," ते म्हणाले. "सगळे जेवत होते."

मग जिन्यात खोळंबलेल्या पाहुण्यांकडे वळून त्यांनी तिथेच ओंजळ उघडली, आशीर्वाद दिला आणि घरी गेले.

साहेबांच्या मागे लागून मी फ्रीजर पुन्हा सुरू करून घेतला. दोन दिवसांनी साहेब झाकण उघडून बघून गेले.

"गोठलाय की! उगाच जीव खाल्लात. पुढच्या पाहुण्यांनाही दाखवू."

मी मान डोलावली. भांडायचं त्राण नव्हतं. गोठला होता खरा. एकही थर नव्हता त्यात.