डब्यातली हवा

कोर्टहाऊसच्या अठरा पायऱ्या चढताना आर्लिस स्टेसी चारदा थांबला. वय सदुसष्ट, त्यातली एकोणतीस वर्षं कोळशाच्या खाणीत गेलेली, आणि आता काउंटीच्या सभेतला एक सभासद. तो का थांबला हे आमच्या केंटकीच्या या डोंगरांत कुणी विचारत नाही. अर्ध्या गावाची फुफ्फुसं तशीच आहेत.

विषय एकच होता. सरकारी विद्यापीठाने गावात नऊ वर्षं खाणकामगारांच्या फुफ्फुसांवर संशोधन चालवलं होतं. वॉशिंग्टनहून येणारं अनुदान आता बंद झालं. काउंटीने व्यवसाय कर अर्धा टक्का वाढवून खर्च उचलला तर ठीक, नाहीतर विद्यापीठ गाशा गुंडाळून शहरात जाणार, तीन तासांवर. ज्यांना स्वतःच्या घराचा जिना चढवत नाही, ते तिथे कसले जातात?

"आर्लिसकाका, राग मानू नका," रँडल फील्ड्स म्हणाला. त्याचं टायरचं दुकान. सभेतला सगळ्यात तरुण सभासद तोच. "हा कर पगारातून कापतात. म्हणजे माझ्या दुकानातल्या पोरांकडून. तुम्हा पेन्शनवाल्यांना त्याची झळ कुठे लागते?"

"नाही लागत. खरंय."

"आणि कशासाठी द्यायचा? खाणीचे धुळीचे अहवाल बघा. दर पाळीला धूळ मर्यादेच्या आत. मग फुफ्फुसं कशाने गेली? सिगारेटी काय कमी ओढल्या लोकांनी?"

मागे कुणीतरी हसलं. विद्यापीठाच्या डॉक्टर प्रुइटबाई उठल्या. "तेच कोडं आम्हाला सुटत नाही. फुफ्फुसं एक सांगतात, कागद दुसरंच."

कोडं कसलं डोंबलाचं! आर्लिसला उत्तर ठाऊक होतं, आणि ते सांगायची त्याला भीती वाटत होती. कारण तिसऱ्या रांगेत वेल्डा नोबल बसली होती, त्याच्या खाणीतल्या जोडीदाराची, होबर्टची, बायको. होबर्टचा भरपाईचा दावा याच अहवालांमुळे फेटाळला गेला होता, आणि वर्षभरात तो गेला. त्यालाही आता अकरा वर्षं झाली.

आर्लिस टेबलाला धरून उभा राहिला.

"ते कागद खोटे आहेत," तो म्हणाला. "धूळ मोजायचं यंत्र शर्टाला अडकवून द्यायचे. मुकादम म्हणायचा, आकडा वर गेला तर खाण बंद, मग बसा घरी. म्हणून आम्ही ते जेवणाच्या डब्यात घालून झाकण लावायचो. डब्यात स्वच्छ हवा, धूळ आमच्या नाकात." त्याला दम लागला. "होबर्ट पुढे कोळसा कापायच्या मशीनवर असायचा. त्याचं यंत्रही मीच डब्यात ठेवायचो."

"काका, हे सभेच्या नोंदीत जाईल," रँडल हळूच म्हणाला.

"जाऊ दे. म्हणून तर बोललो."

मग मतं घेतली. तीन विरुद्ध दोन, कर वाढला. तिसरा हात रँडलचा होता, पण त्याने आर्लिसकडे पाहिलं नाही. प्रुइटबाई भराभर काहीतरी लिहून घेत होत्या.

लोक पांगले तशी वेल्डा टेबलापाशी आली. दोघं एकाच चर्चमधली, तिथल्या रीतीने आर्लिस तिला ताईच म्हणायचा.

"वेल्डाताई..."

"खाणीच्या वकिलाने ते कागद जजपुढे ठेवले तेव्हा तू माझ्या शेजारी बसला होतास."

"होतो."

"माझा नवरा सगळ्यांसमोर खोटा ठरला. आम्हाला घरीही तूच सोडलंस."

आर्लिसने तिच्यासाठी खुर्ची पुढे ओढली. ती उभीच राहिली.

"होबर्टने तरी का नाही सांगितलं?" तिने विचारलं. "त्याला तर माहीत होतं."

"तो सांगणार होता. सुनावणीच्या आदल्या दिवशी माझ्याकडे आला होता. पण मग म्हणाला, तुझी अजून सहा वर्षं नोकरी आहे, पोरी शाळेत आहेत, तुझं नाव येईल. राहू दे."

"तो म्हणाला, राहू दे," वेल्डा म्हणाली. "आणि तू राहू दिलंस."