पुलाच्या फोटोची काच

मित्रांनो, जरा डोळे मिटा आणि एक वेगळेच जग मनात आणा. तिथे भर दुपारचे आभाळ काळेकुट्ट आहे. पिकल्या केसांचे आजोबा काळ्याभोर केसांनी मिरवताहेत आणि शाळकरी मुलींच्या वेण्या दुधासारख्या पांढऱ्या आहेत. दिसले का? मग तुम्ही थेट माझ्या पोटात डोकावलात म्हणायचे.

मी एक जुनी फोटोची काच आहे. हल्ली फोटो फोनमध्ये निघतात, पण माझ्या लहानपणी कॅमेऱ्यात काच घालत. माझ्या एका अंगाला मसाल्याचा, म्हणजे उजेड टिपणाऱ्या रसायनाचा, पातळ थर आहे, दुसरे अंग नुसते गुळगुळीत. मसाल्यावर उजेड पडला की चित्र उमटते, पण काळ्याचे पांढरे आणि पांढऱ्याचे काळे होऊन. मग मला खास कागदावर ठेवून पुन्हा उजेड दाखवायचा, म्हणजे कागदावर खरा फोटो येतो.

माझ्यावर उमटला तो गावच्या नव्या पुलाचा पहिला दिवस. सगळे गाव पुलापाशी लोटले होते. बाकांवर, पिंपांवर, जिथे पाय ठेवायला जागा मिळेल तिथे माणसे चढली होती. त्यांच्या डोक्यांआड दुकानांच्या पाट्या झाकून गेल्या. दिसत होती ती फक्त छत्री दुरुस्त करणाऱ्याची खूण, बांबूवर उघडी करून टांगलेली भलीमोठी छत्री.

फोटोग्राफरच्या बायकोला या कामाची फार चांगली जाण होती. फोटो छापायच्या अंधाऱ्या खोलीतल्या मंद लाल उजेडात मसाल्याची बाजू कोणती ते डोळ्यांना कळत नाही. म्हणून ती काचेचा कोपरा हलकेच ओठाला लावून बघायची. जी बाजू ओठाला चिकटेल ती मसाल्याची, आणि तीच कागदाला टेकवायची. पण त्या दिवशी ती माहेरी गेली होती. बाहेर लोक फोटोसाठी दार वाजवत होते. फोटोग्राफरने कोपरा ओठाला न लावताच मला कागदावर ठेवले, तेही उताणे, मसाल्याची बाजू वर करून. त्यामुळे गावाची डावी बाजू उजवीकडे गेली आणि उजवी डावीकडे. मला कळत होते हो, पण काचेला तोंड कुठे असते!

तोच फोटो घरोघरी लागला. पाट्या झाकलेल्या, म्हणून उलटेपण कुणाला दिसलेच नाही; लोकांनी वाहवा केली. मी मात्र लाकडी पेटीत पडून राहिले. माझ्या कित्येक बहिणी साबणाने धुऊन खिडक्यांना बसवल्या गेल्या. आमच्या अंगावर माणसे आहेत, हे कुणाच्या ध्यानातही आले नाही. मी वाचले ती कोपऱ्याला तडा होता म्हणून. तुटक्या काचेला कोण विचारतो?

सत्तर वर्षे गेली. मग गावच्या वाचनालयाने एक बेत केला. सगळ्यांनी घरातले जुने फोटो आणायचे, आठवणी सांगायच्या आणि पूर्वीची दुकाने जिथे होती तिथे त्यांच्या नावाची फरशी बसवायची. फोटोग्राफरची सून आमची पेटी घेऊन आली आणि आम्ही टेबलावर उघड्या झालो.

भिंतीवर पुलाचा तोच फोटो मोठा करून लावला होता. ग्रंथपालबाईंनी छत्रीच्या दुकानाची फरशी उजवीकडे लिहून घेतली. तेवढ्यात पहिल्या रांगेतल्या एक बाई उठल्या. या त्या छत्रीवाल्याची मुलगी. पुढे त्यांनी टेलिफोनच्या ऑफिसात नोकरी केली. गावातले चारशे नंबर त्यांना तोंडपाठ होते. सगळे त्यांना आत्याबाई म्हणत.

"आमचं दुकान डाव्या हाताला होतं," त्या म्हणाल्या. "पुलाकडे तोंड केलं की डाव्या हाताला."

"आत्याबाई, फोटो काय खोटं बोलतो का?" न्हावीकाका हसत म्हणाले. "आता तुमचेही नंबर चुकायला लागले बघा!"

सगळे हसले. वाईट कुणाच्याच मनात नव्हते. आत्याबाईंनी चष्मा काढला, पुसला आणि हळूच म्हणाल्या, "असेल बाबा. माझंच चुकत असेल. हल्ली काही सांगायचीच भीती वाटते." आणि त्या खाली बसल्या.

शेजारी त्यांच्या भावाची नात बसली होती. नऊ वर्षांची, चौकस, घरात तिला 'प्रश्नपेटी' म्हणत. आत्याआजीने हार मानलेली तिने कधी पाहिली नव्हती. ती उठली आणि फोटोला नाक लावून उभी राहिली. बराच वेळ झाला.

"शिंपीकाका, शर्टाला खिसा कुठे लावतात?"

"छातीवर! आणखी कुठे, पाठीवर?"

"तसं नाही हो. डावीकडे की उजवीकडे?"

"डावीकडे. चाळीस वर्षं डावीकडेच लावतोय."

"मग या फोटोत सगळ्यांचे खिसे उजवीकडे का?"

शिंपीकाका उठले आणि बोट ठेवून एकेक खिसा मोजू लागले. अकरा. सगळेच्या सगळे उजवीकडे.

प्रश्नपेटीने पेटीत शोधून मला, पुलाच्या काचेला, उचलले. "अगं, कडेनं धर! बोटांचे ठसे उठतील," फोटोग्राफरची सून ओरडली. मग तिने स्वतःच माझा कोपरा ओठाला लावून बघितला, सासूने शिकवले होते तसे. "ही मसाल्याची बाजू. ही कागदाकडे हवी, म्हणजे बघताना गुळगुळीत बाजू आपल्याकडे." तिने मला तसे खिडकीसमोर धरले. माझ्या आरपार ऊन आले. खिसे डावीकडे होते आणि छत्रीही डावीकडे.

"अरे देवा!" न्हावीकाकांनी कपाळावर हात मारला. "हा फोटो माझ्या दुकानात आरशासमोर लावलाय. मी जन्मभर तो आरशातच बघितला, तिथे छत्री डावीकडेच दिसायची! आत्याबाई, चुकलो. कान धरतो."

"धरा, धरा. दोन्ही धरा," आत्याबाई म्हणाल्या. चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढला होता. "आणि तुमच्या दुकानाचा पहिला फोन नंबर एकशे बारा. हवं तर विचारा कुणालाही."

मित्रांनो, आता मी मऊ कागदात गुंडाळलेली, उभी, सावलीत असते. मजेत आहे. तुमच्या घरी माझ्यासारखी एखादी काच किंवा मळका फोटो असेल तर धुऊ नका, फेकू नका. कडेने धरा, आणि घरातल्या थोरांना विचारा. नुसत्या फोटोला सगळेच सांगता येत नाही आणि माणसालाही एकट्याने सगळे आठवत नाही.

त्या दिवशी फरशीची जागा बदलून लिहिली गेली आणि लोक चहाला पांगले. प्रश्नपेटी मात्र गेली नाही. तिने एक कोरा कागद घेतला, त्यावर फोटोतल्या माणसांची जिथल्या तिथे गोल गोल डोकी काढली आणि पेन्सिलला टोक करून आत्याआजीला चिकटून बसली.

"हं, आजी, सांग. पिंपावर उभी आहे ती कोण?"