लिओनाचे सीडर

शेनँडोआच्या खोऱ्यात हार्लन स्टिकलीची सफरचंदांची बाग होती आणि कुंपणापलीकडे लिओना राइनहार्टचं घर. दोघं एका शाळेत शिकलेली. एप्रिलात टेकडीवरच्या मरायला टेकलेल्या झाडांखाली अळंबी उगवायची, ती वेचायला दोघं बरोबर जायची. आधी जोडीदारांसह, मग दोघांचेही जोडीदार गेल्यावर दोघंच. "एक बुरशी झाड खाते, दुसरी आपल्याला जेवू घालते," असं लिओना म्हणायची.

मग बागेवर तांबेरा आला. पानांवर पिवळे-केशरी ठिपके, फळं खुरटी, आणि जुलैतच निम्मी पानं खाली. कृषी खात्याचा माणूस आला, बाग हिंडला आणि कुंपणापलीकडे बोट दाखवून म्हणाला, "तिकडून येतंय."

लिओनाच्या घराच्या उत्तरेला सीडरच्या दाट, सदाहरित झाडांची रांग होती. तिच्या नवऱ्यानं लग्नाच्या वर्षी लावलेली. वसंतातल्या पावसात त्या झाडांवरच्या तपकिरी गाठी फुगायच्या आणि त्यांतून केशरी, बुळबुळीत शिंगं बाहेर यायची. तांबेऱ्याची ही बुरशी सफरचंदावरून सफरचंदावर जात नाही. तिला मध्ये सीडर लागतोच.

हार्लन टोपी हातात घेऊन तिच्या ओसरीवर गेला.

"लिओना, ती झाडं काढावी लागतील गं."

"का? तुझ्या बागेवर सावली पडते का त्यांची?"

"रोग पडतो. कायदाही आहे तसा."

"कायदा मला सांगतोस? तिसरीत माझ्या पाटीवरून गणितं उतरवायचास तू." ती हसली, पण लगेच गंभीर झाली. "थंडीतल्या वाऱ्याला या घराला दुसरा आडोसा नाही, हार्लन. तुझी सफरचंदाची झाडं काढ की."

हसण्यावारी नेईल, मग ऐकेल, असं त्याला वाटलं होतं. तिनं ऐकलं नाही. त्यानं तक्रार दिली. कायदा बागवाल्यांच्या बाजूचा होता.

करवती चालल्या त्या दिवशी लिओना ओसरीवर बटाटे सोलत बसली होती. चिरलेल्या लाल गाभ्याचा वास हार्लनच्या बागेपर्यंत आला. तिनं मान वर केली नाही.

पुढच्या वर्षी पानं हिरवीगार राहिली. फळ असं लागलं की फांद्यांना टेकू द्यावे लागले. निवडलेल्या सफरचंदांची टोपली घेऊन तो तिच्याकडे गेला. दार उघडलं, पण तिनं त्याला आत बोलावलं नाही. स्वयंपाकघराच्या खिडकीच्या फटींत चिंध्या कोंबलेल्या त्याला दिसल्या.

"दुसरी झाडं लावून देतो. ज्यांना हा रोग होत नाही अशी. स्प्रूस लावू."

"आणि आडोसा होईपर्यंत मी किती वर्षांची होईन?"

त्यानं टोपली उंबऱ्याशी ठेवली.

"आधी दोनदा विचारायला आला असतास ना, तर मीच तोडू दिली असती रे," ती म्हणाली. "तू एकदाच आलास."

हिवाळ्याआधी ती ओहायोला मुलीकडे राहायला गेली. हार्लननं सामान गाडीत चढवू लागायला गडी पाठवला. स्वतः मात्र गेला नाही. जायला हवं होतं, हे त्याला गाडी वळणापलीकडे गेल्यावर कळलं.